तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या ह्यांना तिखट सोसत नाही. मूळचे नाशिकचे, पण मिसळीत अर्धी वाटी दही घातल्याशिवाय घास उचलत नाहीत. असा हा माणूस मला बघायला आला तो थेट भूतानात, आणि तिथे मिरच्या मसाल्यात नाही, भाजीत घालतात. म्हणजे भाजीच मिरच्यांची असते. अख्ख्या हिरव्या मिरच्या आणि त्यांच्यावर चीज, एवढाच मामला.

मी तेव्हा त्या देशाच्या पूर्वेला, एका टेकडीवरच्या कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज म्हणावं असं देशात ते एकच होतं. घरच्यांनी सुट्टी काढून नाशिकला ये म्हणून धोशा लावला होता, पण सत्राच्या मध्यात मी जागची हलणार नव्हते. बघायचं असेल त्यांनी इकडे यावं, असं मी कळवून टाकलं. मला वाटलं, विषय संपला. तर हे आले. गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथून सरहद्द, आणि मग दिवसभर वळणावळणाच्या घाटातून बस. उतरले तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. प्राचार्यांनी त्याच संध्याकाळी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं.

तिथली जेवणाची रीत अशी, की यजमानाने वाढायला डाव पुढे केला की पाहुण्याने हाताने तोंड झाकायचं, मागे सरायचं आणि नको म्हणायचं. यजमान पुन्हा विचारतो, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं. यात मनाचं काही नसतं, ती नुसती सभ्यता. तिसऱ्यांदा विचारलं की ताट पुढे करायचं. आणि खरोखरच नको असेल, तर तिसऱ्यांदाही नको म्हणायचं. मग मात्र कोणी विचारत नाही. ह्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्या वाढण्यातच डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दुसऱ्या वाढपाला ह्यांनी अगदी काकुळतीने नको म्हटलं. प्राचार्यांच्या बायकोला पाहुणा फार सुसंस्कृत वाटला. पुन्हा नको म्हटलं, तिचा आदर वाढला. तिसऱ्यांदा डाव पुढे आला तेव्हा, आपण मुलगी बघायला आलोय याची आठवण होऊन हे गप्प बसले. ताट भरलं गेलं आणि ह्यांनी ते रडत रडत स्वच्छ केलं. मी त्याच वेळी होकार ठरवला. अन्नाला आणि माणसांना नाही न म्हणणारा नवरा वाईट निघणार नाही, असा माझा हिशेब होता. तो चुकला नाही, पण त्या रात्री ह्यांच्या पोटाचे जे हाल झाले त्याबद्दल अजून अधूनमधून ऐकून घ्यावं लागतं.

त्या कॉलेजातली चार वर्षं मी आयुष्यात सर्वांत खूश होते, हे सांगायला मला कसला संकोच नाही. पोरं डोंगर उतरून, चढून, कुठल्या कुठल्या खोऱ्यांतून यायची. शिक्षण फुकट, जेवण फुकट, राहणं फुकट, सगळं राजाच्या सरकारचं. आणि शिकून झालं की तेच सरकार त्यांची वाट बघत असायचं. देशात शिकलेली माणसं इतकी कमी, की आज ज्याला भूमितीत नापास करावं तो दहा वर्षांनी आपल्याच परवान्यावर सही करायला बसणार, हे आम्ही परदेशी मास्तर मंडळी थट्टेने म्हणायचो. थट्टेने कसलं, तसं व्हायचंच. तरीही मी नापास करायची. नंतर शिकवणीही घ्यायची.

सरकारी कामाला झोंगमध्ये जावं लागे. झोंग म्हणजे जुना किल्ला, पण त्याच्या एका अंगाला भिक्षूंचा मठ आणि दुसऱ्या अंगाला कचेरी. एकीकडे मंत्रघोष चाललेला आणि दुसरीकडे कारकून टाइपरायटर बडवतोय. पुरुषांनी खांद्यावरून उपरणं घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि उपरण्याच्या रंगावरून हुद्दा कळायचा. साध्या माणसाचं पांढरं. माझे विद्यार्थी वडिलांचं उपरणं मागून आणून अर्ज द्यायला जायचे, तेव्हा मी त्यांची गंमत करायची. पण ते परत यायचे ते ताठ मानेने. आपण कुठल्याशा मोठ्या गोष्टीला हात लावून आलो असं त्यांना वाटायचं. आपल्याकडच्या सरकारी कचेरीतून ताठ मानेने बाहेर पडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

लग्न झालं आणि मी सौदी अरेबियात अबकैकला आले. ह्यांची तिथे तेलाच्या प्लांटवर नोकरी होती. मी भूतान सोडलं त्याच सुमारास तिथे पदवीचे वर्ग सुरू झाले, म्हणजे ताटावर बसायच्या वेळेलाच उठल्यासारखं झालं. अबकैकमध्ये आमचं घर छान होतं. थंडगार, नळाला चोवीस तास पाणी, अंगणात लावलेलं एक कडुलिंबाचं झाड. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, नोकरी करायला मनाई होती. आम्हाला मूल झालं नाही. सुरुवातीला त्याचं दुःख होतं, पुढे ते निवलं, पण रिकामपण काही निवलं नाही. सकाळी हे गेले की मी घर आवरायची, शेजारच्या पुण्याच्या बाईंबरोबर चहा प्यायची, आणि मग दुपार अंगावर यायची. मी भांडखोर होत चालले होते. आमटीत मीठ कमी पडलं तर मी स्वतःवरच रागवायची आणि ह्यांनी ते बोलून दाखवलं तर ह्यांच्यावर. हे बिचारे मीठ मागायचंच सोडून बसले.

त्या टेकडीवरचे माझे एक सहकारी, भूगोल शिकवायचे, ते पुढे तिथले प्राचार्य झाले. तिकडचेच, शांत, हळू बोलणारे. दर वर्षी आमची शुभेच्छापत्रांची देवाणघेवाण व्हायची. एका वर्षी मी पत्राच्या कडेला लिहिलं, की मला फळ्याची फार आठवण येते. इतकंच. त्यातून पुढे एवढं होईल असं मनात नव्हतं.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आमच्या वसाहतीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरहद्द तशी लांब होती, पण आम्ही तेलावर बसलो होतो, आणि तेलासाठीच तर सगळं चाललं होतं. दोन आठवड्यांत निम्मी बायका-मुलं भारतात गेली. पुण्याच्या बाई जाताना त्यांच्या लोणच्याच्या बरण्या माझ्या हवाली करून गेल्या आणि "तू कशाला थांबतेस गं, तुझ्यामागे मुलं नाहीत, तू तर कधीही जाऊ शकतेस," असं म्हणाल्या. बोलणं सरळ होतं, तरी मला झोंबलं. ह्यांना प्लांट सोडता येत नव्हता. कंपनीने ज्यांची यादी केली होती, की ही माणसं काही झालं तरी हवीत, त्यात हे होते. मग मीही थांबले.

त्याच महिन्याच्या अखेरीस पहिला टेलेक्स आला. ह्यांच्या ऑफिसातच टेलेक्सचं यंत्र होतं. टेकडीवरून निरोप जिल्ह्याच्या झोंगमधल्या बिनतारी खोलीत, तिथून राजधानीच्या शिक्षण खात्यात, आणि तिथून समुद्र ओलांडून अबकैकच्या वाळवंटात. यंत्र चालवणाऱ्या फिलिपिनो मुलाने ह्यांना विचारलं, "सर, हे कोण आहेत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला' का लिहितात?" त्या देशात मोठ्या माणसाशी बोलताना शेवटी 'ला' म्हणतात, आपण 'जी' म्हणतो तसं. टेलेक्सचे पैसे वाचवायलाही प्राचार्यांनी तो 'ला' गाळला नव्हता. मजकूर असा, की गणिताचा स्वतंत्र पदवी वर्ग पुढच्या मार्चमध्ये सुरू करायचं सरकारने ठरवलं आहे, पण शिकवणारं कोणी मिळालं नाही तर तो सुरू होणार नाही आणि ज्यांना गणित हवं त्या मुलांना दुसरं काहीतरी घ्यावं लागेल. तुम्ही याल का.

मी वाचलं, पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. हे दारात उभे राहिले.

"काय कळवू?"

"काय कळवायचं? नाही म्हणून कळवा. इथे ही अवस्था, आणि मी काय डोंगरावर जाऊन बसू? क्षमा मागा. नीट शब्दांत मागा."

ह्यांनी नीट शब्दांत क्षमा मागितली. नंतर मी कणकेत पाणी जास्त घातलं आणि त्या रात्री आम्ही पोळ्यांऐवजी धिरडी खाल्ली.

नोव्हेंबरात दुसरा टेलेक्स आला. तोवर रस्त्यांवरून अमेरिकन फौजांच्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा जात असत आणि किराणा दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. प्राचार्यांनी लिहिलं होतं, की तुमचा नम्रपणा आम्ही जाणतो, तरी कृपा करून पुन्हा विचार करावा. त्यांनी माझ्यासाठी टेकडीवरचं तेच जुनं घर ठेवलंय, आणि वर्गात यायला काही मुलं तयार आहेत, त्यांत दोन मुली आहेत.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. "नम्रपणा? मी कधी कोणाशी नम्रपणे वागले आहे का?"

"नाही," हे म्हणाले, जरा फारच लवकर.

"मी खरंच नाही म्हटलं होतं."

"मीही खरंच नाही म्हटलं होतं," हे म्हणाले आणि हसायला लागले. "दोनदा. मिरच्यांना." मग हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "अगं, तुझं नाही त्यांनी नाही म्हणून घेतलेलंच नाही. रीत म्हणून घेतलंय."

खरं होतं. मीच त्यांच्यात चार वर्षं राहिलेली, आणि तरी मराठी बाईसारखं सरळ नाही कळवून मोकळी झाले होते. तिकडे माझी खुर्ची तशीच रिकामी ठेवून ते दुसरं वाढप घेऊन उभे होते. मला हसू येईना. आता दुसरं उत्तर द्यायचं होतं आणि त्यानंतर एकदाच विचारलं जाणार होतं.

आठवडाभर मी काहीच बोलले नाही. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की त्याची लाज वाटत होती. पण हे रोज त्या प्लांटवर जात होते, जिथे एक क्षेपणास्त्र पडलं तर काय होईल हे विचारायलाही कोणी धजत नव्हतं, आणि अशा वेळी बायकोने स्वतःच्या हौसेपायी निघून जावं हे माझ्या मनाला पटत नव्हतं. लोक काय म्हणतील याची मला फारशी फिकीर नाही. मलाच मी आवडले नसते. मी ह्यांना पुन्हा नाही कळवायला सांगितलं. ह्यांनी कागद हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. ह्यांनी पाठवलं.

जानेवारीच्या मध्याला युद्ध सुरू झालं. कंपनीने आम्हाला तोंडाला लावायचे मुखवटे दिले होते, विषारी वायू आला तर म्हणून. घरातली एक खोली बंद करायची, खिडकीवर जाड प्लास्टिक लावून कडा रुंद चिकटपट्टीने बुजवायच्या, दाराखाली ओला टॉवेल सारायचा. आम्ही मागची छोटी खोली निवडली. भोंगा वाजला की दोघं आत. लांब धहरान शहराच्या बाजूला इराकी क्षेपणास्त्रं आकाशातच फोडत, त्याचे धमाके आमच्यापर्यंत यायचे आणि कपाटातली भांडी किणकिणायची. मुखवट्यात बोलता येत नाही आणि ह्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटायच्या. दोघंही एकमेकांकडे बघून बसायचो. भीती वाटायची का? वाटायची. पहिले चार दिवस फार वाटली. मग ती भीतीही सवयीची झाली आणि माझा मूळ स्वभाव वर आला. म्हणजे मला कंटाळा यायला लागला.

एका संध्याकाळी भोंगा जरा लवकरच वाजला. बाहेर अजून उजेड होता. आम्ही आत बसलो. थोड्या वेळाने, आज वायूबियू काही नाही असं स्वतःच ठरवून मी मुखवटा काढला. ह्यांनी हाताने खुणावलं, लाव. मी लावला नाही. ह्यांच्या सामानात वायरींवर खुणा करायचा एक काळा मार्कर होता, तो मी उचलला आणि खिडकीवरच्या प्लास्टिकवर लिहायला लागले. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, याची सिद्धता. ज्यांना फक्त एकाने आणि स्वतःनेच भाग जातो त्या या संख्या. समजा, त्या संपतात. समजा, सगळ्या मूळ संख्यांची आपल्याकडे पूर्ण यादी आहे. आता त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं, तरी एक उरतोच. मग हिला भागणारी मूळ संख्या कुठून येणार? म्हणजे यादी पूर्ण नव्हतीच. कितीही मोठी यादी करा, तिच्याबाहेर एक तरी उरणारच.

मी बोलत होते, लिहीत होते, मागे वळून "कळलं?" विचारत होते. बाहेर धमाके होत होते आणि मला त्यांची आठवणही नव्हती. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. प्लास्टिक भरलं तेव्हा मी थांबले आणि वळून बघितलं. ह्यांनीही मुखवटा काढलेला होता.

"इंजिनियरिंगला हे होतं आम्हाला," हे म्हणाले. "पण हे असं काही असतं, ते आज कळलं."

"शिकवणाऱ्यावर असतं ते," मी म्हटलं. मोठा टेंभा मिरवत म्हटलं.

हे त्या खिडकीकडे बघत राहिले. भोंगा पुन्हा वाजला, धोका संपल्याचा. आम्ही बाहेर येऊन वरणभात खाल्ला. त्या दिवसापासून भोंगा वाजला की हे मुखवट्याआधी मार्कर शोधायचे. मला वाटलं, माझं मन रमावं म्हणून करताहेत. माझ्या हातात कोणीतरी खडू दिला एवढ्यानेच मी हरखले होते.

तिसरा टेलेक्स फेब्रुवारीत आला. मला तो येईल असं वाटत नव्हतं. युद्ध चालू असताना कोणाला विचारायचं तरी कसं, असा विचार करून ते थांबले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती आणि तरी रोज हे घरी आले की आधी ह्यांच्या हातांकडे बघत होते. त्या दुपारी ह्यांच्या हातात कागद होता. ह्यांनी तो टेबलावर ठेवला आणि समोर बसले. आधीच्या दोन्हींपेक्षा आखूड होता. आपण सुखरूप असाल अशी प्रार्थना रोज करतो ला. वर्ग मार्चच्या मध्यात. याल का ला.

"दोनदा सभ्यता झाली," हे म्हणाले. "आता मात्र खरं काय ते सांग. हे शेवटचं विचारणं आहे, तुलाही माहितेय आणि मलाही."

"तुम्हाला इथे एकटं टाकून?"

"मी ते विचारलं नाही. तुला जायचंय का?"

मी रडायला लागले. मला रडू सहसा येत नाही, त्यामुळे ते मला नीट जमतही नाही, नाक चोंदतं, शब्द फुटत नाहीत. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि थांबले. मी शेवटी म्हटलं, "जायचंय." हे उठले, चपला घातल्या आणि परत ऑफिसला गेले, टेलेक्स पाठवायला. जेवायलाही थांबले नाहीत. संध्याकाळी आले ते म्हणाले, की फिलिपिनो मुलाने विचारलं, शेवटी ला लिहू का, आणि मी सांगितलं, लिही.

महिना संपता संपता युद्ध थांबलं. पण जाणं म्हणजे नुसतं विमानात बसणं नव्हतं. सौदीतून बाहेर पडायला शिक्का लागतो आणि तो दोन प्रकारचा. एक जाऊन परत यायचा, खुरूज व औदा. तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्याच्या आत परत आलं नाही, तर इकामा संपला. दुसरा खुरूज निहाई, कायमचं जाणं. तो घेतला की घर, इकामा, सगळं खलास. परत यायचं तर पहिल्यापासून नवा व्हिसा, आणि युद्धानंतर बायकांना नवे व्हिसे मिळतील की नाही हे कोणी सांगत नव्हतं. मी अर्थातच परतीचा शिक्का धरून चालले होते. सहा महिने शिकवायचं, यायचं, महिनाभर राहायचं, परत जायचं, असं काहीतरी. सत्र डिसेंबरपर्यंत होतं हे मी सोयिस्करपणे बाजूला ठेवलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही कंपनीच्या सरकारी कामांच्या ऑफिसात गेलो. कुवेतच्या विहिरी पेटलेल्या होत्या आणि त्यांचा धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे येत होता. भर दुपारी रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावले होते, आणि माझ्या पिवळ्या साडीवर काळे ठिपके पडले होते. आतले म्हातारे सौदी कारकून आम्हाला ओळखत होते. त्यांनी आधी वेलदोड्याची कॉफी दिली, ह्यांच्या आईची चौकशी केली, युद्ध संपल्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि मगच पासपोर्ट हातात घेतला.

"खुरूज व औदा?" त्यांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. हात कागदावर आधीच लिहायला लागला होता.

"निहाई," हे म्हणाले.

कारकुनांचा हात थांबला. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बायकोला कायमचं परत पाठवणारे नवरे त्यांनी पाहिले असतील आणि त्याची कारणंही ऐकली असतील. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी ह्यांना म्हटलं, "बाहेर या." कारकुनांना म्हटलं, "दगीगा," म्हणजे एक मिनिट. सात-आठ वर्षांत त्या ऑफिसात मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

बाहेर गाडीत बसलो. काच खाली करता येत नव्हती, धुरामुळे.

"मला न विचारता?" मी म्हटलं. "मी काय तुम्हाला नकोशी झालेय? परत यायचा रस्ताच बंद करताय?"

"सत्र कधी संपतं?" ह्यांनी विचारलं.

"डिसेंबर."

"आणि परतीचा शिक्का?"

मी साडीवरचे काळे ठिपके झटकायला लागले.

"मी तुला ओळखतो," हे म्हणाले. "सप्टेंबर आला की तू वर्ग अर्धा टाकून शिक्का वाचवायला इकडे धावत येशील. माझ्यासाठी. आणि ती पोरं बसतील तशीच. मग तू मला काही बोलणार नाहीस, आणि मला ते चालणार नाही. तू बोलत नाहीस ना, तेव्हा मला फार भीती वाटते. भोंग्यापेक्षा."

"आणि तुम्ही? तुम्ही इथे कोणाच्या जिवावर राहणार?"

"माझा करार दिवाळीला संपतो. नवा करायचा नाही, हे काल साहेबाला सांगून आलो."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. ह्यांना ही नोकरी आवडत होती. तिच्यासाठी ह्यांनी युद्धात जिवाची पर्वा केली नव्हती. अबकैकमध्ये ह्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या डोंगरात ह्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.

"तिथे काय करणार तुम्ही?"

"नद्यांवर वीज करताहेत ते लोक, सरकारी खात्यात इंजिनियर लागत असतील. विचारू. नाही मिळालं काही, तर वरणभात रांधीन. तू शिकवून आलीस की वाढीन. आजवर तूच वाढलंस मला. मी तुझं खिडकीवरचं ते गणित बघितलं ना, तेव्हाच ठरवलं होतं. फक्त तू हो म्हणायची वाट बघत होतो. तुझ्या तोंडून यायला हवं होतं."

या माणसाबरोबर मी इतकी वर्षं एका घरात राहिले, त्याच्यावर डाफरले, त्याच्या मिठाचा हिशेब ठेवला, आणि त्याचं माझ्यावर किती प्रेम आहे ते मला आज, धुराने काळ्या झालेल्या गाडीत बसून समजत होतं. मी ह्यांचा हात धरला. अबकैकच्या रस्त्यावर, भर दुपारी, नवरा-बायको असलो तरी हे शोभणारं नव्हतं. बाहेर इतका अंधार होता, की कोणाला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

"मिरच्या खाव्या लागतील," मी म्हटलं.

"दही मिळतं का गं तिथे?"

"मिळतं."

"मग काय," हे म्हणाले.

आम्ही पुन्हा आत गेलो. म्हाताऱ्या कारकुनांनी कागद तसाच ठेवला होता आणि कॉफी पुन्हा ओतून ठेवली होती. त्यांनी ह्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या. हे एक पाऊल मागे सरले आणि माझ्याकडे बघत राहिले. कारकुनांनाही मग माझ्याकडे बघावं लागलं.

"निहाई," मी म्हटलं.